पौर्णिमा पाळणारा परदेशी

आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी जेवायला वेळ लावायची त्यांची सवय काही सुटली नव्हती.

देव्हाऱ्यासमोर अख्खी उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, पोर्कचा जाडजूड तुकडा, शेवया, शिवाय गांगशानची ती तिखट चटणी, जिच्याशिवाय आजोबांनी आयुष्यात कधी घास गिळला नाही, असं सगळं मांडून तास होत आला होता. मोठे काका गुडघ्यांवर बसून लाकडाचे ते दोन चंद्रकोरी ठोकळे पुन्हा फरशीवर टाकत होते. "बाबा, झालं का जेवण?" एक उताणा आणि एक पालथा पडला की झालं, मग घरच्यांनी बसायचं. दोन्ही पालथे पडले. म्हणजे नाही झालं. पुन्हा टाकले. दोन्ही उताणे.

"हसतायत," युनशीचे बाबा म्हणाले.

"आपल्यालाच हसतायत," मधले काका म्हणाले. "आज आपण काय करायला जमलोय ते कळलं असणार त्यांना."

"तू बोलू नकोस, पिन," मोठे काका मान न वळवता म्हणाले. "तुझ्यामुळे जमलोय."

झालं, पुन्हा सुरू. युनशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, पण तिचं लक्ष देव्हाऱ्याकडे नव्हतं. कारण मधल्या खोलीच्या टेबलावर, चहाच्या ट्रेशेजारी, कंपनीचे बडे भागधारक लिआओ साहेब यांनी तायचुंगहून पाठवलेला करार ठेवला होता. तिघा भावांनी सहीऐवजी मारायचे आपापले शिक्के रेशमी पिशवीत घालून आणले होते. संध्याकाळच्या आत तीन शिक्के उठले की आजोबांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेल्या 'श्याओ बंधू' स्क्रू कारखान्याच्या संचालक मंडळातल्या सात खुर्च्यांपैकी तीन लिआओ साहेबांच्या. बहुमताची चौथी घ्यायला त्यांना किती दिवस लागतील यावर बाबा आणि मधले काका यांचं फक्त आकड्यात एकमत नव्हतं.

आणि हे सगळं कशामुळे, तर त्या परदेशी माणसामुळे.

माणूस म्हणजे कोण, कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या शरदात तो आला. बाजार बंद झाला की तीननंतर यादी निघते, कुठल्या कंपनीचे शेअर आज परदेशी संस्थांनी किती घेतले, देशातल्या फंडांनी किती विकले, सगळं त्यात असतं. तैवानमध्ये लोक उद्याचा पाऊस बघावा तशी ती यादी बघतात. भाजीवाली बघते, टॅक्सीवाला बघतो. पण 'श्याओ बंधू'च्या ओळीत बघण्यासारखं कधी काही नसायचंच. स्क्रू बनवणारी कंपनी, तिला कोण परदेशी विचारतो? आणि अचानक परदेशी रकान्यात लाल आकडे. लाल म्हणजे खरेदी, हिरवे म्हणजे विक्री. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. एका युरोपी दलालाच्या तैपेईतल्या शाखेतून, शांतपणे, रोज थोडे थोडे.

युनशी कंपनीत भागधारकांचं कामकाज बघायची, तिनंच पहिल्यांदा ते पाहिलं, आणि मग रोज दुपारी त्या ओळीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला लागली. 'आजही घेतले.' 'आजही.' त्याखाली मोठे काका कपाळावर हात मारलेला चेहरा टाकायचे, मधले काका प्रश्नचिन्हं टाकायचे, आणि आत्या कमळाच्या फुलाचं चित्र टाकायची, त्यावर 'आजचा दिवस आनंदात जावो'. मग कुणीतरी बोलायचं, कुणीतरी उलटून बोलायचं, आणि हिवाळा संपेपर्यंत भाऊ एकमेकांशी फक्त ग्रुपवरच बोलायला लागले.

कारण मोठ्या काकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. तो परदेशी खोटा आहे. आपल्याच इथला कुणीतरी हाँगकाँगच्या बँकेत पैसे नेऊन, परदेशी मुखवटा घालून परत आला आहे. असं इथे पुष्कळ जण करतात, त्यात नवीन काही नाही. आणि हाँगकाँगच्या बँकेत नोकरीला कोण, तर मधल्या काकांचा जावई.

"दादा, शेवटचं सांगतो," मधले काका आता म्हणत होते, "माझ्याकडे एवढे पैसे असते तर मी तुझ्या अध्यक्षपदासाठी कशाला खर्च केले असते? चार महिने गोल्फ खेळलो असतो."

"अमेरिकेत शिकून आल्यापासून तुला ते हवंच होतं."

"अमेरिकेत शिकून येऊन बत्तीस वर्षं झाली. हवं असतं तर एवढा वेळ लावला असता का? मी काय आपले बाबा आहे?"

युनशीच्या बाबांना हसू आलं आणि त्यांनी ते छातीवर हात ठेवून दाबलं. थंडीत त्यांची बायपास झाली होती, हसताना अजून टाके ओढल्यासारखे व्हायचे. स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "वेनचाओला हसवू नका रे." आणि मोठ्या काकांनी ठोकळे टाकले, एक उताणा, एक पालथा. आजोबांचं जेवण एकदाचं झालं होतं.

मग घरचे जेवायला बसले. नेहमी या दिवशी कोंबडीच्या तंगडीवरून भांडण व्हायचं, आज तंगडी तशीच ताटात राहिली. मधल्या काकू एकदा म्हणाल्या की मासा छान झालाय, मग आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून पुन्हा वाटीत बघायला लागल्या. आत्या अधूनमधून उठून सूप आणत होती. तिचं जेवण नेहमीसारखंच उभ्याउभ्या, वाटीतून.

जेवणं उरकली, चहा झाला, मोठ्या काकांनी चष्मा लावला आणि करार पुढे ओढला. "लिआओ पाचच्या आत फोनची वाट बघतोय. आपण हो म्हटलं नाही तर तो त्या परदेशी माणसाशी बोलणार, तसं स्पष्ट सांगितलंय त्यानं. ते दोघं एक झाले तर आपण तिघं मिळूनही हरतो. त्यापेक्षा हा आपल्या बाजूला आलेला बरा."

"वाघ दाराबाहेर नको म्हणून घरात घ्यायचा," मधले काका म्हणाले.

"मग दुसरं काय सुचतंय ते सांग ना."

मधले काका कराराची पानं उलटत राहिले, आणि बाबा नखं बघत बसले. तेवढ्यात तीन वाजून गेले, युनशीचा हात सवयीनं फोनकडे गेला, आणि आजची यादी उघडली.

परदेशी रकाना रिकामा. आज त्यानं एकही शेअर घेतला नव्हता.

असं पूर्वीही झालं होतं, मधूनच एखाद्या दिवशी तो सुट्टी घ्यायचा, आणि ते नेमकं कधी हे युनशीनं कधी बघितलंच नव्हतं, कारण ती रोज लाल आकडेच मोजत होती ना. रिकाम्या दिवसांचं ग्रुपवर काय टाकणार? पण आज, या एवढ्या दिवशी, सगळे तिकडे शिक्के काढून बसलेत आणि ह्याला सुट्टी? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून यादीत मागे मागे जायला लागली. रिकामा दिवस. तिनं वर बघितलं, भिंतीवर पानं उलटायचं पंचांग टांगलेलं होतं, ते काढून घेतलं, तारखा जुळवल्या. रिकामा दिवस, पौर्णिमा. त्याआधीचा, अमावास्या. त्याआधीचा, पुन्हा पौर्णिमा. एकही चुकली नव्हती. हा कसला युरोपी माणूस, जो अमावास्या-पौर्णिमेला धंदा करत नाही?

म्हणजे मोठे काका बरोबर होते, परदेशी खोटा होता. पण मधले काका तर पौर्णिमेलाही गोल्फ खेळतात, पौर्णिमा कधी आहे हेसुद्धा त्यांना काकू सांगतात. आणि आज तर ना अमावास्या ना पौर्णिमा, आज फक्त आजोबांची तिथी. ती जगात कोणाला माहीत असणार?

मग तिला जानेवारीतला एक आठवडा सापडला. सलग सगळे दिवस रिकामे, सोमवार ते शुक्रवार. युनशी त्या तारखांकडे बघत राहिली. त्या आठवड्यात तीही ऑफिसला गेली नव्हती. काउशुंगच्या हॉस्पिटलात बाबा अतिदक्षता विभागात होते, आणि बाहेरच्या बाकावर रात्रंदिवस एकच माणूस बसून होता, घरी जा म्हटलं तरी हलला नाही.

आत्या ओट्यापाशी कढई घासत होती. जाओदी, सगळ्यांत मोठी. पणजीनं ठेवलेलं नाव, त्याचा अर्थ 'पाठीवर भाऊ आण', आणि तिनं इमानेइतबारे एकापाठोपाठ एक तीन आणले. चौदाव्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या मशीनवर ती बसली, भाऊ शाळेत गेले. लग्न केलं नाही. अमावास्या-पौर्णिमेला मांसमच्छी खात नाही आणि पैशाला हात लावत नाही, भाजीसुद्धा आदल्या दिवशी आणून ठेवते.

"आत्या," युनशी अगदी हळू म्हणाली, "परदेशी आज सुट्टीवर आहे."

आत्याचा हात थांबला. मग तिनं नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये एवढा. "पंचांग जागेवर लाव," ती म्हणाली.

"तू?"

"हळू बोल."

"पण एवढे पैसे कुठून?"

"पाणथळ विकलं ना मी." आजोबा गेले तेव्हा कंपनी तीन भावांत वाटली गेली, आणि आत्याला उसाचा एक पाणथळ तुकडा मिळाला होता, जिथे ऊस कमी आणि बेडूक जास्त. पुढे त्याच्या शेजारीच चिपचा अवाढव्य कारखाना आला. तिनं तो विकला हे घरात माहीत होतं, पैसे देवळाला दिले असणार असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं, आणि तिनं नाही म्हटलं नव्हतं.

"मग तिकडे जाऊन सांग ना त्यांना. ते शिक्के मारतायत, आत्या. तुझ्या भीतीनं कंपनी देऊन टाकतायत."

"आमचे बाबा गेले तेव्हा," आत्या कढईकडे बघत म्हणाली, "तुझे मोठे काका आले आणि म्हणाले, ताई, शिक्का दे. हक्क सोडल्याचा कागद होता. मी दिला. इथे सगळ्याच मुली देतात, मला त्याचं काही नाही. पण 'तुला काय वाटतं' असं कुणी विचारलं नाही गं. आजही मी सकाळपासून चार वेळा सूप घेऊन गेले बाहेर. एकानं तरी विचारलं?"

"आणि नाही विचारलं तर?"

आत्या पुन्हा कढई घासायला लागली. युनशीला कळेना की हिला रडू येतंय की ही नुसती हट्टाला पेटलीय, आणि तिकडे शाईच्या डबीचं झाकण उघडल्याचा टक्क असा आवाज आला.

ती धावतच बाहेर आली. मोठ्या काकांचा शिक्का लाल शाईत बुडालेला, हात कागदावर. युनशीला सगळं सांगून टाकायचं होतं, ओठांवर आलंच होतं, पण ते सांगितलं तर आत्याला हवं होतं ते कायमचंच राहिलं असतं. म्हणून ती म्हणाली, "काका, आत्याला विचारलंत का?"

मोठे काका चष्म्यावरून बघायला लागले. "तिला काय विचारायचं? तिच्या नावावर एक शेअर नाही."

"तरी पण."

"युनशी, ही वेळ आहे का?"

"पोर बरोबर बोलतेय," बाबा म्हणाले. इतका वेळ ते मोठ्या काकांच्या बाजूला बसलेले, त्यांच्याच बाजूचे समजले जाणारे. "हॉस्पिटलात मला शुद्ध आली तेव्हा तुम्ही दोघं कॅन्टीनमध्ये भांडत होतात. ती होती तिथे. विचारून काय जातंय?" आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "ताई, जरा बाहेर ये गं. आम्ही हे करतोय ते बरोबर आहे का? तुला काय वाटतं?"

नळ बंद झाला.

आत्या ॲप्रनला हात पुसत आली, आणि आल्यावर उभी न राहता मोठ्या काकांसमोरची खुर्ची ओढून बसली. "मला वाटतं, करू नका," ती म्हणाली.

"अगं ताई, पण तो परदेशी..."

"तो तुमच्याच बाजूनं मत देईल."

"तुला काय माहीत?"

"लुंग, शिक्का खाली ठेव आधी, कागदावर ठिबकतोय. तो परदेशी मी आहे."

मग मधले काका अगदी सावकाश मोठ्या काकांकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते युनशीनं आधी कधीच पाहिलं नव्हतं, चार महिने कोणीतरी छातीवर बसलेलं उठून गेल्यासारखं. "ऐकलंस?" ते म्हणाले. "दादा, ऐकलंस ना?"

"हाँगकाँगहून?" मोठे काका आत्याला म्हणाले. "तू? तू काउशुंगच्या पुढे कधी गेली नाहीस."

"मी कशाला जाऊ? पिनचा जावई आहे ना तिथे. त्यानं सगळं केलं."

मधल्या काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी थिजला. "माझा जावई?"

"चांगला मुलगा आहे. सासऱ्याला सांगू नकोस म्हटलं, नाही सांगितलं."

"म्हणजे मी बरोबर होतो," मोठे काका म्हणाले. "जावई होताच त्यात."

"तू बरोबर नव्हतास. तू मला चोर म्हणत होतास," मधले काका म्हणाले.

"जावई होता की नाही?"

आणि बाबांना हसू आलं, या वेळी दाबता येईना, ते एका हातानं छाती धरून आणि एका हातानं टेबल धरून हसत सुटले, मधल्या काकू 'अहो, टाके, टाके' म्हणत स्वतःच हसायला लागल्या, आणि हिवाळाभर घरात जे काही तुंबून राहिलं होतं ते सगळं त्या हसण्यातून वाहून गेल्यासारखं झालं.

"पण लपूनछपून कशाला, ताई?" हसू ओसरल्यावर बाबांनी विचारलं. "तुझ्या नावानंच घ्यायचे."

"इथल्या दलालाच्या शाखेत खिडकीवर कोण बसतं? हिची मावसबहीण." आत्यानं मधल्या काकूंकडे हनुवटी केली. "सकाळी मी घेतले असते तर दुपारी तुमच्या जेवणात माझी चर्चा असती. ताईला आता कंपनी हवीय, ताई म्हातारपणी बिघडली."

मधल्या काकूंनी नाकारलं नाही.

"आणि घेतले कशाला म्हणाल, तर एक फंड आपले शेअर विकायला लागलाय हे त्या जावयाकडून कळलं, आणि मग ही पोर रोज ग्रुपवर लाल आकडे टाकायला लागली. तुम्ही लाल बघून घाबरत होतात. शेजारचा हिरवा रकाना कुणी बघितला? गेल्या शरदापासून तो देशी फंड आपले शेअर विकतोय. रोज. तुम्ही दोघं पूर्वीपासूनच भांडताय, ही कंपनी काही टिकत नाही असं त्यांना वाटलं असणार. तो विकतोय ते कुणीतरी घेणारच ना? मी घेतले नसते तर लिआओनं घेतले असते, आणि मग असा करार पाठवायची गरजही पडली नसती त्याला."

युनशीनं फोनवर बघितलं. खरं होतं. लाल आणि हिरवं, रोज जवळजवळ तेवढंच, शेजारी शेजारी, सहा महिने तिच्या डोळ्यांसमोर. तिचे कान गरम झाले. आत्यानं तिच्या गुडघ्यावर थोपटलं, कढईच्या साबणाचा ओला हात, आणि म्हणाली, "तुझ्यामुळे मला रोज कळत तरी होतं. नाहीतर मला कुठली ती यादी उघडता येते."

मोठ्या काकांनी शिक्का कागदी रुमालानं पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, "किती आहेत तुझे?"

"तुम्हा प्रत्येकाइतके. थोडेसुद्धा जास्त नाहीत. तेवढ्यावर थांबले."

त्या 'थांबले'मध्ये काय होतं ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं, कारण तिनं ठरवलं असतं तर ती थांबली नसती. चौघांचे मिळून निम्म्याहून बरेच पुढे जात होते. आता ना लिआओ, ना आणखी कोणी. बाबांनी पाठ खुर्चीला टेकवली आणि डोळे मिटले, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच युनशीला ते मिटलेले डोळे बघून भीती वाटली नाही.

"तुला काय हवंय, ताई?" मोठे काका म्हणाले.

"मला काही नको."

"असं म्हणू नकोस," मधले काका म्हणाले. "काही नको म्हणणाऱ्याचं इथे ऐकू यायला नऊ वर्षं लागतात."

आत्यानं हात पुन्हा ॲप्रनला पुसले. "सात खुर्च्यांतली एक," ती म्हणाली.

"माझ्या मुलाची देतो," मोठे काका लगेच म्हणाले. "तो बॉस्टनमध्ये ब्रेड भाजतोय, त्याला मीटिंगला बोलावलं की कॅमेरा बंद करून झोपतो. मीच त्याला धरून ठेवलंय." आणि हे बोलून टाकल्यावर त्यांनाच इतकं हलकं वाटलं असावं की त्यांनी ताटात राहिलेली कोंबडीची तंगडी उचलली, आणि सगळे बघत असताना मधल्या काकांच्या वाटीत घातली. माफी वगैरे काही नाही. मधल्या काकांनी ती खाल्ली. थंड झाली होती, तरी हाडापर्यंत खाल्ली.

"मासा गरम करते," मधल्या काकू उठल्या, आणि आत्या सवयीनं उठायला लागली तेव्हा त्यांनी तिला खांद्यावर दाबून खाली बसवलं. "तुम्ही बसा हो. संचालकांनी उठायचं नसतं."

तेवढ्यात फोन वाजला. लिआओ साहेबच. मोठ्या काकांना मशीनच्या आवाजानं उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"काय श्याओ साहेब, झाले का शिक्के?"

"नाही. होणारही नाहीत. तुम्ही त्रास घेतलात त्याबद्दल आभार."

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "विचार केलात ना नीट? मग मला त्या परदेशी माणसाशी बोलावं लागेल."

"बोला की. इथेच बसलाय, आमच्याबरोबर जेवतोय."

"कोण आहे?"

मोठ्या काकांनी समोर बघितलं. आत्या खाली मान घालून शेवया वाटीत घेत होती, खुर्चीत बसून, हळूहळू, जणू तिला कुठे जायची घाई नव्हती.

"आमची मोठी बहीण."

"श्याओ साहेब, तीस वर्षं तुम्हाला ओळखतो मी. तुमच्याकडे जेवलोय, तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला आलोय. तुम्हाला बहीण आहे?"

मोठ्या काकांनी चष्मा काढला. मधले काका, बाबा, कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून आहे."